उंच ओढ्यांतील प्राणवायू आणि मधल्या उंचीचा फुगवटा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

डोंगरी ओढ्यांमध्ये उंची वाढते तसे अपृष्ठवंशीय प्राण्यांचे प्रकार कमी होत जातात आणि त्यामागे प्राणवायूची चणचण हेही एक कारण असते, या माझ्या विधानावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. थंड, खळाळत्या पाण्यात प्राणवायू भरपूर असतो, मग चणचण कसली, हा पहिला. आणि अनेक पर्वतांवर सर्वाधिक प्रकार मधल्या उंचीवर आढळतात, हा दुसरा.

पहिल्या आक्षेपात तापमान आहे, हवेचा दाब नाही. समुद्रसपाटीवर 5 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे पावणेतेरा मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, 20 अंशांच्या पाण्यात सुमारे 9. इथवर आपले म्हणणे बिनचूक आहे. परंतु 4,000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या 61 टक्क्यांच्या आसपास उरतो आणि त्याच प्रमाणात विरघळणारा प्राणवायूही घटतो, त्यामुळे तिथल्या 5 अंशांच्या ओढ्यात तो पावणेआठ मिलिग्रॅमवर येतो, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या 28 अंशांच्या पाण्याइतकाच. खळाळामुळे पाणी संपृक्त राहते खरे, पण इथे संपृक्ततेची मर्यादाच खाली आलेली असते. शिवाय थंड पाण्यात प्राणवायूचे विसरण, म्हणजे पाण्यातून आपोआप पसरत जाणे, मंदावते. किड्याची गरजही थंडीत कमी होते, तरी दाबातली तूट तेवढ्याने भरून निघेलच असे नाही. स्टोनफ्लाय या ओढ्यात वाढणाऱ्या कीटकाच्या काही प्रजातींचे डिंभ, म्हणजे पाण्यात राहणारी पिल्ले, प्राणवायू कमी पडला की दगडाला धरून, जोर काढावेत तसे, अंग खालीवर करू लागतात. कल्ल्यांवरून पाणी हलते ठेवण्याची ही धडपड असते. इक्वाडोरच्या अँडीजमधील ओढ्यांच्या अभ्यासांत हा मुद्दा ठळकपणे पुढे आला, आणि त्यात नवल नाही, कारण विषुववृत्ताजवळ त्या उंचीवरही ओढे बारमाही वाहतात.

आपल्या दुसऱ्या आक्षेपातला मधल्या उंचीचा फुगवटा मला अमान्य नाही, मात्र त्याचा अर्थ जपून लावावा लागतो. पायथ्याकडे शेती, बंधारे आणि सांडपाणी यांनी ओढे आधीच ओस पडलेले असले, तर मधला पट्टा आपोआप समृद्ध दिसतो. प्रजातींचे पल्ले, म्हणजे त्या ज्या उंचीपासून ज्या उंचीपर्यंत आढळतात ते पट्टे, पर्वताच्या दोन टोकांमध्ये नुसते यदृच्छेने पसरले, तरी ते मध्यावरच सर्वाधिक एकमेकांवर येतात, हे गणितही विसरता येत नाही.

आपले एक वाक्य मात्र मला फार पटले : उंची हे कारण नव्हे, कारणांचा पत्ता आहे. युरोपातील हिमनद्यांच्या तोंडाशी, जिथे पाणी उन्हाळ्यातही 2 अंशांच्या वर जात नाही, तिथे डायमेसा या चिलटवजा माशीच्या अळ्यांखेरीज फारसे काही सापडत नाही. त्याच उंचीवर, हाकेच्या अंतरावर, झऱ्यातून निघालेल्या ओढ्यात मेफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या कीटकांची पिल्लेही नांदत असतात. म्हणूनच एकेका उंच ओढ्याची यादी आखूड असली, तरी शेजारशेजारच्या ओढ्यांच्या याद्या एकत्र केल्यावर ती बरीच लांबते. माझे विधान एकेका ओढ्यापुरते होते. सबंध पर्वतमाथ्याला ते लागू करावे, असे मी म्हटलेले नाही.