अब्राहामाच्या नावावर जात खपवू नका

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, कालच मावशीनेही पाठवला. म्हणे बायबलमधल्या अब्राहामाने आपला मुलगा इसहाक याच्यासाठी नात्यातली मुलगी आणली, इसहाकाचा मुलगा याकोब याने मामाच्या मुली केल्या, म्हणून ख्रिस्ती माणसाने सोयरीक आपल्याच घराण्यात, आपल्याच समाजात करावी, ही देवाची आज्ञा. मावशीवर राग नाही पण लिहिणाऱ्याने उत्पत्ती या पुस्तकाचा 24 वा अध्याय पूर्ण वाचलेला दिसत नाही.

म्हणे नातलग म्हणजे विश्वासातले. कुठून? यहोशवा 24:2 मध्ये सरळ लिहिलंय, अब्राहामाचा बाप तेरह दुसऱ्या देवांची सेवा करायचा. आणि याकोबाचा मामा लाबान, त्याच्या घरात तर देवांच्या मूर्ती होत्या, त्याची मुलगी राहेल हिने त्या चोरल्या, उंटाच्या खोगिरात लपवल्या, वर बसली आणि बापाला सांगितलं पाळी आलीय, उठता येत नाही.

हो, अब्राहाम नातलगांकडे जा म्हणाला, ते खरंय. पण ते तो इसहाकासाठी मुलगी शोधायला निघालेल्या आपल्या चाकराला म्हणाला, तुम्हाआम्हाला नाही. आणि चाकराने विहिरीवर काय बघितलं? अनोळखी माणसाला पाणी देऊन त्याच्या दहा उंटांनाही न सांगता पाणी पाजणारी मुलगी. तहानलेला उंट एका दमात शंभरेक लिटर पितो, आता घागरी मोजा. गंमत म्हणजे 22 व्या ओवीत तो आधी नथ आणि बांगड्या काढतो, मग विचारतो तू कोणाची मुलगी. मुलीच्या घरच्यांना सांगताना मात्र 47 व्या ओवीत क्रम उलटा, आधी कूळ विचारलं मग नथ घातली! मध्यस्थ तेव्हापासून असेच. शेवटी त्या मुलीला, रिबकेलाच विचारतात, जातेस का? ती म्हणते, जाते. मेसेजमध्ये हे नाहीच.

याकोबाने केलं म्हणून आपण करायचं? मग दोघी बहिणी एकदम करा, पुढे लेवीय 18:18 ने तेच बंद केलं. अब्राहामाची बायको सारा तर त्याची सावत्र बहीण, तेही लेवीयात मना. आजही कॅथलिकांत मामे, आते, चुलत, मावस भावंडांचं लग्न चर्चच्या खास परवानगीशिवाय होत नाही.

नात्यात केलं की घर सुखी म्हणे. याकोबाला सख्ख्या मामाने फसवलं, मुलीसाठी करायची 7 वर्षांची चाकरी 14 वर्षांची झाली. याकोबाचा भाऊ एसाव याने आईबापाला खूश करायला काका इश्माएलाची मुलगी केली, काय बदललं?

आणि परकी बायको म्हणजे पाप? मोशेची बायको कूशी, म्हणजे परक्या कूश देशाची होती, त्याची बहीण मिर्याम त्यावरून बोलली तर कोड फुटलं तिलाच. रूथ मवाबी, दावीदाची पणजी. अनुवाद या पुस्तकाच्या 7 व्या अध्यायात परक्या सोयरिकी मना आहेत पण कारण पुढच्याच ओवीत आहे, पोरं दुसऱ्या देवांकडे वळतील. पुढे याजक एज्रालाही हीच भीती. बापाची जमीन वारशाने मिळालेल्या सलाफहादाच्या मुलींना आपल्या वंशातच लग्न करा सांगितलं ते जमीन दुसऱ्या वंशात जाऊ नये म्हणून. आणि पौल 1 करिंथ 7:39 मध्ये विधवेला म्हणतो, पाहिजे त्याच्याशी लग्न कर, फक्त प्रभूमध्ये, म्हणजे तो विश्वासातला असावा. एवढीच अट, गोत्र नाही, गाव नाही.

मावशीने मेसेजसोबत आमच्या दादासाठी आलेला एक बायोडाटाही पाठवलाय. वरून तिसऱ्याच ओळीत 'मूळ समाज'. मुलगी चर्चला जाते का, हे अख्ख्या पानावर कुठेच नाही.