स्टेंट टाकला की कायमचं बरं? त्या पॅन्क्रियाज डिव्हायजमच्या फॉरवर्डबद्दल

दारू पीत नसूनही पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाला सूज) परत परत होतोय म्हणजे स्वादुपिंड जन्मापासून दोन तुकड्यांत आहे (पॅन्क्रियाज डिव्हायजम), स्टेंट टाका, कायमचं बरं व्हाल, असा एक फॉरवर्ड सगळ्या ग्रुपांवर फिरतोय.

आधी ते 'दोन तुकडे' बघू. गर्भात स्वादुपिंड दोन कोंबांपासून तयार होतं आणि साधारण सातव्या-आठव्या आठवड्यात ते एकत्र येतात. डिव्हायजममध्ये बहुतेक वेळा पिंड जुळलेलं असतं, आतल्या नळ्या तेवढ्या जुळत नाहीत, त्यामुळे बराचसा पाचकरस लहान आतड्यात मुख्य तोंडाऐवजी धाकट्या तोंडातून उतरतो. तुकडे वगैरे काही नसतात.

आणि हे दुर्मिळही नाही हो, शंभरात 5 ते 10 जणांना असतं आणि त्यातल्या बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. म्हणजे एमआरसीपीच्या (नळ्यांचा एमआरआय) रिपोर्टमध्ये डिव्हायजम दिसलं म्हणून दुखण्याचं कारण सापडलंच असं नाही.

दारू नाही म्हणजे हेच, हा तर सरळ चुकीचा हिशोब. पित्ताशयातले खडे (बारीक असले तर सोनोग्राफीत सुटतात), ट्रायग्लिसराइड 1000 च्या वर, रक्तात वाढलेलं कॅल्शियम, काही औषधं, हे सगळं बघायचं राहतंच ना. शिवाय जीन्स. एसपिंक-1 या जनुकातला बदल आपल्याकडच्या पेशंटमध्ये बऱ्यापैकी सापडतो, आणि डिव्हायजमवाल्या ज्यांना अटॅक येतात त्यांच्यातल्या काहींमध्ये असा जनुकीय दोषही सोबत असतो, मग एकट्या नळीला दोष कसा देणार?

आता स्टेंट, म्हणजे ते धाकटं तोंड मोकळं ठेवायला टाकलेली बारीक नळी. खरी गोची इथेच आहे. अमेरिका-कॅनडात शार्प नावाची ट्रायल झाली, 2025 मध्ये निकाल आला. वारंवार पॅन्क्रियाटायटिस आणि डिव्हायजम असलेले 148 पेशंट, अर्ध्यांचं ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून नळीपर्यंत पोचणं) करून धाकटं तोंड कापून मोठं केलं, बाकीच्यांची नुसती दिखाऊ प्रोसिजर. पुढे अटॅक आला तोंड कापलेल्यांपैकी साधारण 35 टक्क्यांना आणि दुसऱ्या गटात 44 टक्क्यांना, आणि एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. वर ईआरसीपीमुळेच पॅन्क्रियाटायटिस होऊ शकतो, ते मेसेजमध्ये शिताफीने गाळलंय! कुणालाच उपयोग होत नाही असं मी म्हणत नाहीये, पण 'कायमचं बरं' कुठून आणलं?

शेवटी फॉरवर्डमधलं 'सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे गॅस' हे वाक्य, जे मला सगळ्यात धोकादायक वाटतं. आतड्यातल्या गॅसमुळे स्वादुपिंड सोनोग्राफीत कित्येकदा धड दिसतच नाही. पोटाच्या वरच्या भागात कळ येऊन ती पाठीत जात असेल, उलट्या होत असतील तर कॅज्युअल्टीत जाऊन लायपेजची रक्ततपासणी करा, ओवा खात बसू नका. सिगारेटनेही हा आजार बळावतो, त्याबद्दल मात्र फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही.