वास घेत फिरणाऱ्यांची बाजू

‘रोग कशाने होतो हेच ज्यांना ठाऊक नव्हतं, त्या निरीक्षकांचे गोडवे कशाला गाता?’ माझ्या लेखावरचा हा तुमचा सवाल झोंबला. अर्धा पटलाही.

एकोणिसाव्या शतकातले इंग्लंडचे ‘उपद्रव निरीक्षक’ (पदनाम खरंच तसं होतं! घरांतली, गटारांतली घाण तपासणारे) दुर्गंधीलाच रोगाचं मूळ मानत. लेखात मी हे एका वाक्यात उरकलं, ते तुम्ही बरोबर पकडलंत. या समजुतीपायी माणसंही दगावली. १८४८-४९ मध्ये लंडनमधली घाण, वास जावा म्हणून, गटारांतून थेम्समध्ये लोटली गेली आणि त्याच नदीचं पाणी लोक पीत होते. त्या साथीत कॉलऱ्याने शहरात सुमारे १४ हजार माणसं नेली.

पण म्हणून सगळंच काम वाया? टायफस घ्या (टायफॉइड नव्हे, हा वेगळा ताप). तो उवांमुळे पसरतो हे फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल निकोल यांनी दाखवलं १९०९ मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून हे निरीक्षक रोग्याची खोली बंद करून, फटींवर कागद चिकटवून आत गंधक जाळत, अंथरूण-पांघरूण उकळायला लावत. घालवायची होती खराब हवा, मरत होत्या उवा.

त्यांच्या नाकाची तुम्ही थट्टा केलीत, म्हणून हेही सांगतो. घरातलं ड्रेनेज गळतंय का हे बघायला एकजण बाहेरून पाइपात पेपरमिंटचं तेल ओतायचा, वरून कढत पाणी. त्याने मग घरात पाऊल टाकायचं नाही, कारण वास त्याच्या कपड्यांना लागलेला. दुसरा आत खोल्याखोल्यांतून हुंगत फिरायचा. जिथे पेपरमिंट दरवळला, तिथे गळती. मला तरी यात प्रयोगशाळेची शिस्त दिसते.

‘तळघरांतून काढलेल्यांचं काय झालं?’ या प्रश्नावर मात्र माझ्याकडे बचाव नाही. लिव्हरपूलमध्ये १८४७ साली डॉ. विल्यम डंकन आरोग्य अधिकारी झाले, ब्रिटनमधले पहिलेच. जोडीला थॉमस फ्रेश निरीक्षक. त्याच वर्षी दुष्काळातून पळालेले आयरिश लोक बंदरावर उतरत होते आणि टायफस भडकला होता. राहण्यायोग्य नाहीत म्हणून तळघरं रिकामी केली, पण परवडेल अशी दुसरी जागा कोणी दिली नाही. मग माणसं आधीच भरलेल्या खोल्यांत आणखी दाटीने कोंबली गेली. उवांना आणखी काय हवं?

हा परिच्छेद आज लेखात घालतोय. शीर्षकातला ‘तारणहार’ही काढलाय.