कॉस्टिक सोड्यात विरघळवलेलं रेशीम डोक्याला लावू नका

घरच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा फिरतोय: «केस आणि रेशीम एकाच प्रोटीनचे. कपभर गरम पाण्यात अर्धा चमचा कॉस्टिक सोडा घाला, रेशमी कापडाचे तुकडे त्यात विरघळवा, एक लिंबू पिळा आणि डोक्याला चोळा. प्रोटीन मुळांत मुरतं, तुटके केस सांधले जातात. नैसर्गिक आहे, अपाय नाही.» खाली चौघींचं «करून बघते». अजिबात नको.

आधी कॉस्टिक सोड्याचं, म्हणजे त्वचा जाळणाऱ्या तीव्र अल्कलीचं. ही युक्ती साबण बनवणाऱ्यांची. तिथे सोडा पुढे तेलाशी अभिक्रिया करून संपतो. इथे तो संपवायला तेलच नाही. भरीला गरम पाणी! त्यात सोडा पडला की द्रावण उसळून अंगावर उडू शकतं. अर्धा चमचा म्हणजे साधारण ३ ग्रॅम. कपभर पाण्यात पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, ७ म्हणजे तटस्थ) १३ च्या वर. एवढा सोडा मारायला सुमारे ४.८ ग्रॅम सायट्रिक ॲसिड लागतं. एका लिंबातून ३० मिली रस निघाला, तरी त्यात असतं जेमतेम दीड ग्रॅम. म्हणजे दोन तृतीयांश सोडा तसाच डोक्यावर. आणि लोकर, म्हणजे मेंढीचे केसच, ५ टक्के उकळत्या कॉस्टिकमध्ये काही मिनिटांत विरघळते. अल्कलीपुढे ती रेशमाच्याही आधी शरण जाते. रेशीम विरघळवणारं पाणी केस कसे सांधणार?

«एकच प्रोटीन»? केसांची ताकद केराटिन या त्यांच्या प्रोटीनमधल्या सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाच्या गंधक-बंधांत असते. रेशमाचं प्रोटीन फायब्रॉइन; त्यात ग्लायसिन, ॲलानिन आणि सेरिन ही अमिनो आम्लं मिळूनच सुमारे ८५ टक्के, सिस्टीन नावापुरतं.

«मुळांत मुरतं»? बॉस आणि मायनार्डी यांनी २००० साली मांडलेला नियम बघा: ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) मोठे रेणू धडधाकट त्वचेतून सहसा आत जात नाहीत. फायब्रॉइनची मोठी साखळी सुमारे ३,९०,००० डाल्टनची.

सोडा वगळून नुसतं कापड उकळलं तर? पाणी धरून ठेवणारं सेरिसिन, म्हणजे रेशमाच्या धाग्यावरचा डिंकासारखा थर, कापड होण्याआधीच बहुधा धुऊन काढलेलं असतं. उतरलाच तर रंग उतरेल.

एक मात्र मान्य करावं लागेल. हायड्रोलाइज्ड सिल्क, म्हणजे कारखान्यात बारीक तुकडे केलेलं प्रोटीन, केसावर पातळ थर धरतं. केस मऊ लागतात, विंचरताना कमी तुटतात. पुढच्या धुण्यात तो थर जातो. रेशमाची ॲलर्जी असेल तर तेही नको. आणि नैसर्गिक म्हणाल, तर कॉस्टिक सोडा कुठल्या झाडाला लागतो?

कोणी आधीच लावलं असेल तर लिंबू-व्हिनेगर चोळत बसू नका. वाहत्या पाण्याखाली निदान २० मिनिटं धुवा, पाणी डोळ्यांकडे ओघळू देऊ नका. डोळ्यात गेलंच असेल तर तेवढाच वेळ डोळा धुऊन लगेच डॉक्टरकडे.