पाठीशी कोण उभे आहे?

रुग्णालयातील कर्मचारी कामात मन का घालत नाहीत, हा प्रश्न व्यवस्थापनाच्या बैठकीत निघाला की चर्चा पगारावर किंवा ‘आजकालची मुले’ या शेऱ्यावर येऊन थांबते. इंदूरच्या खासगी रुग्णालयांत आधी स्टाफ नर्स आणि पुढे वॉर्ड इनचार्ज म्हणून काम केल्यावर माझे मत वेगळे बनले आहे. पगार कमी असला तर माणूस दुसरी नोकरी शोधतो, हे खरेच. पण नोकरीत राहूनही ज्याचे मन कामावरून उडते, त्याला बहुधा कळून चुकलेले असते की अडचणीच्या वेळी आपल्या पाठीशी कोणी उभे राहणार नाही.

मन लावून केलेले काम हजेरीपटावर दिसत नाही. सलाइन चालू असलेला हात सुजतो आहे का हे पाहायला पांघरूण बाजूला करणे, किंवा रोज बोलणारे आजोबा आज गप्प आहेत हे पाळी संपताना पुढच्या नर्सला ओव्हर देताना आवर्जून सांगणे, या गोष्टी नियम करून कोणाकडून करवून घेता येत नाहीत.

मी स्टाफमध्ये असताना एका रात्री औषध यायला उशीर झाला, म्हणून रुग्णासोबत राहिलेल्या एका नातेवाइकाने नर्सिंग स्टेशनवर येऊन आमच्यातल्या एका मुलीला वाटेल ते सुनावले. वरिष्ठांनी काय घडले हे न विचारता, त्याच्यादेखत तिलाच माफी मागायला लावली. ती कामात चोख होती आणि नंतरही चोखच राहिली, पण फाइलमध्ये लिहिले असेल तेवढेच करू लागली. “जे बोलायचे ते माझ्याशी बोला,” एवढे एक वाक्य वरिष्ठांकडून आले असते, आणि तिचे काही चुकले असल्यास ते मागाहून एकटीला बोलावून सांगितले असते, तर ही मुलगी वॉर्डने गमावली नसती, असे मला आजही वाटते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये हेच मांडले होते: संस्थेला आपल्या कामाची कदर आणि आपल्या भल्याची काळजी कितपत आहे, याविषयी कर्मचारी मनाशी एक समजूत बांधतो आणि त्या मानानेच संस्थेसाठी झटतो.

कायद्याने दिलेली सोयही या आधाराविना कागदावरच राहते. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली; परंतु तेवढा वेळ तिचे रुग्ण कोणी सांभाळायचे, हे इनचार्जने ठरवून दिले नाही तर ती जागची हलणार कशी?

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती ठेक्यावरच्या आयाबाईंची, कारण रुग्णालय त्यांना ठेकेदाराची माणसे मानते आणि ठेकेदार वॉर्डात फिरकत नाही. कचऱ्याच्या पिशवीतली वापरलेली सुई हाताला टोचली, तर एचआयव्हीपासून बचावाचे औषध शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. पण आपल्यालाच बोल लागेल आणि खाडा धरला जाईल, या भीतीने बाई बोट नळाखाली धुऊन गप्प राहते. तिला ते सांगण्याचे बळ यावे, ही जबाबदारी ठेकेदाराची नव्हे, वॉर्डाची आहे.