बापूंची एकशे वीस रुपयांची चाळिशी

भांडण चष्म्यावरून सुरू झालं. आणि चष्मा तरी कसला, आठवडे बाजारात ताडपत्रीवर मांडलेल्या ढिगातून बापूंनी उचललेला. एकशे वीस रुपये. पावती नाही, डबी नाही, काचेवरचा प्लस दोनचा गोल स्टिकरसुद्धा तसाच. बापूंनी तो नाकावर चढवला, पेपरातलं राशिभविष्य धडाधडा वाचून दाखवलं आणि सुन्याकडे बघितलं.

सुन्या सासवडातच चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. वीस वर्षं काचा घासतोय. त्याच्यासमोर असला चष्मा काढणं म्हणजे कंदी पेढेवाल्यासमोर डालड्याचे पेढे उघडण्यासारखं.

"बापू, दोन्ही डोळ्यांना एकच नंबर कसा असेल? उजवा दीड असेल, डावा सव्वादोन. सिलिंडरचा नंबर, म्हणजे डोळ्याचा बाक सगळीकडे सारखा नसल्याचा, असला तर या काचेत तो नाहीच. आणि पीडी? दोन बुबुळांमधलं अंतर कुणी मोजलं? ताडपत्रीवाल्यानं?"

"मला दिसतंय ना?" बापू म्हणाले.

बापू पस्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. प्रवासी कितीही बोलला तरी "सुट्टे आहेत ना?" एवढंच विचारायचं, ही त्यांची वाद घालायची रीत अजून गेलेली नाही.

एवढ्यात पराग आला. तो कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे कुठल्याही भांडणात तो आला की पहिले दहा मिनिटं भांडण थांबतं आणि मग दुप्पट जोरानं सुरू होतं.

"सुन्या, सरळ सांग. असला चष्मा लावून बापूंचा डोळा बिघडेल का?"

"डोकं दुखेल."

"डोळा बिघडेल का?"

सुन्यानं चहाचा कप खाली ठेवला. "नाही. एवढ्या मोठ्या माणसाचा चष्म्यानं डोळा नाही बिघडत. पण—"

"झालं!" बापू म्हणाले.

खरं तर सुन्याचंही चूक नाही. चाळिशी हा काही रोग नव्हे. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग वयाप्रमाणे कडक होत जातं, जवळचं बघताना फुगायचं ते फुगत नाही, म्हणून पेपर हातभर लांब धरावा लागतो आणि एक दिवस हातच पुरत नाही. आपल्या भाषेनं या त्रासाला वयाचंच नाव देऊन टाकलंय. माझ्या मते घोळ तिथेच झालाय. ज्याचं नावच वय आहे त्यावर इलाज करायला कोण जाणार? माझी आई बारा वर्षं तांदूळ बोटांनी चाचपून निवडत होती. आम्ही तिला आळशी म्हणायचो, कारण भातात खडे यायचे.

परागनं मग आसामचा प्रयोग काढला. चहाच्या मळ्यात पानं खुडणारी 751 माणसं, सगळी चाळिशीपुढची, सगळ्यांना जवळचं कमी दिसणारं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला लगेच चष्मे दिले, दुसऱ्याला प्रयोग संपल्यावर देऊ म्हणून सांगितलं. आणि रोज संध्याकाळी टोपलीचं वजन. बास. लॅन्सेटवाल्यांच्या जागतिक आरोग्याच्या डॉक्टरी मासिकात 2018 साली हे छापून आलं.

"चष्मेवाल्यांची खुडणी दिवसाला पंचवीस किलोवरून जवळजवळ पस्तीसवर गेली," पराग म्हणाला.

"आणि बिनचष्म्याच्यांची?" बापू.

"सव्वीसवरून साडेतीसवर."

"म्हणजे त्यांचंही वाढलंच की! मग चष्म्याचं कौतुक कसलं?"

परागला असा प्रश्न विद्यार्थी विचारत नाहीत, त्यामुळे तो खूष झाला. "म्हणूनच तर दुसरा गट लागतो, बापू. हंगाम चढला की पानच जास्त येतं, सगळ्यांचीच टोपली भरते. नुसत्या चष्मेवाल्यांची टोपली मोजली असती तर हंगामाचं श्रेयही चष्म्यानं लाटलं असतं. हे सगळं वजा जाता चष्म्याचा फायदा बावीस टक्क्यांच्या आसपास. पन्नाशीपुढच्यांत तर त्याहून जास्त. एवढ्या साध्या वस्तूनं मजुराचं काम इतकं वाढल्याचं मला तरी दुसरं उदाहरण आठवत नाही."

बांगलादेशातही पुढे असंच झालं, तो म्हणाला. तिथे टोपली न मोजता कमाई मोजली. खेड्यातले आठशेहून जास्त कारागीर-मजूर. आठ महिन्यांनी चष्मा मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा एक तृतीयांशानं जास्त. हे 2024 सालचं.

सुन्या इतका वेळ गप्प होता, म्हणजे तो काहीतरी जुळवत होता.

"परग्या, एकच विचारतो. त्या मळ्यातल्या बायकांना चष्मे ताडपत्रीवरून दिले?"

"नाही, डोळे तपासून."

"तपासल्यावर कुणाला घेतलं प्रयोगात?"

"ज्यांचं लांबचं चांगलं होतं आणि जवळचं चष्म्यानं सुधारणार होतं, त्यांना."

"म्हणजे ज्यांना मोतीबिंदू होता, आणखी काही होतं, ते आधीच बाजूला काढले. आणि उरलेल्या धडधाकट डोळ्यांवर चष्मा चालला, हे तू बाजारातल्या चष्म्याला चिकटवतोस!"

बिनतोड होतं. परागनंही मान्य केलं, पण त्याच्या पद्धतीनं: "चष्मा चालतो हे सिद्ध झालं. तपासणीशिवाय चालतो हे नाही. बरोबर आहे तुझं."

"मग बापू, शिबिरात जा. फुकट तपासतात," मी म्हणालो. मला वाटलं, मिटलं.

तेव्हा मंदाताई बोलल्या. मंदाताई आमच्या वाडीकडच्या आशा सेविका. बस येईपर्यंत त्या पाराच्या कडेला पिशवी ठेवून बसतात, आणि कट्ट्यावर काय चाललंय ते ऐकत नसल्यासारखं दाखवत सगळं ऐकतात.

"शिबिर शिबिर काय करताय? मी घरोघर जाऊन सांगते. नावं लिहून घेते तीस. गाडीत बसतात अकरा."

"अकरा म्हणजे भरपूर झाले," पराग म्हणाला, आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो. तो म्हणाला, मदुराईच्या आसपासच्या खेड्यांत असाच अभ्यास झाला होता, 1999 साली छापून आला. गावात किंवा गावाजवळ फुकट शिबिर असूनही डोळ्यांचा त्रास असलेल्या शंभरातले सातच जण आले होते.

"सातच?" बापू. "फुकट असून?"

"फुकट कुठं असतं, बापू?" मंदाताई म्हणाल्या. "ऑपरेशन फुकट. सोबत जाणाऱ्याची हजेरी बुडते ती? मागं शेरडं कोण बघणार? एका आजीला मी तीन वर्षं सांगतेय. आधी म्हणाली वाटाणा निघू दे. मग सुनेचं बाळंतपण. आता म्हणते, मला चूल दिसते, पोराचं तोंड दिसतं, आणखी काय बघायचंय? आणि निम्म्यांना अजून वाटतं, मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नाहीत. तो आंबा आहे का आढीत ठेवायला?"

पुढे त्या म्हणाल्या ते मला जास्त लागलं. घरातल्या पुरुषाला कमी दिसायला लागलं तर ती अडचण असते. बाईला कमी दिसायला लागलं तर तिचा स्वयंपाक बिघडलेला असतो. मी आईच्या भातातले खडे आठवून गप्प बसलो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून मात्र दिवे घाट उतरून हडपसरला जायला बाया जरा लवकर तयार होतात, असं त्यांचं निरीक्षण. असल्या गोष्टी डोळ्यांच्या डॉक्टरला कुठल्या पुस्तकात शिकवत असतील असं वाटत नाही.

मदुराईचं नाव निघालं म्हणजे अरविंद रुग्णालय आलंच. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि 1976 साली त्यांनी अकरा खाटांचं रुग्णालय काढलं. संधिवातानं बोटं वाकडी झालेली, तरी त्याच बोटांनी ऑपरेशनं केली. ज्याला परवडतं त्याच्याकडून पैसे घ्यायचे, त्यातून ज्याला परवडत नाही त्याचं करायचं. डोळ्यात बसवायचं भिंग परदेशातून यायचं, शंभर डॉलरच्या घरात. 1992 साली त्यांनी ते स्वतःच बनवायला घेतलं आणि किंमत दहा डॉलरच्या आसपास आणली. शिबिरात शंभरातले सातच येतात हे कळल्यावर त्यांनी नुसत्या शिबिरांवर न विसंबता खेड्यातच कायमची छोटी दृष्टी केंद्रं उघडली. तिथं तंत्रज्ञ बसतो, डॉक्टर पडद्यावर.

"अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन," सुन्या बापूंकडे बघत म्हणाला.

"मीही अठ्ठावन्नलाच झालो," बापू म्हणाले. "कुणाला त्रास दिला का?"

आता बापूंनी खरं दुखणं काढलं. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मोतीबिंदू आहे. पुण्यात एका ठिकाणी दाखवलं, तिथल्या माणसानं दोन कागद पुढं ठेवले: एक महागाचा 'लेझर'चा, एक स्वस्तातला. आणि स्वस्तातल्या कागदावर बोट ठेवून म्हणाला, ठरवा तुम्ही, डोळ्याचा प्रश्न आहे. ही भाषा मला ओळखीची आहे, आमच्या बँकेत विमा असाच खपवायला सांगतात. तेव्हापासून बापू तीन महिने पैसे जमवतायत आणि काकू भिंत धरून चालतायत.

"पहिली गोष्ट, ते बहुतेकदा लेझर नसतंच," सुन्या म्हणाला. "फेको. ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडतात आणि ओढून घेतात. छेद लहान, तीन मिलिमीटरच्या आसपास. स्वस्तातलं असतं त्यात छेद मोठा, पण आपोआप मिटणारा. टाका त्यालाही नसतो."

"मग नजर कुठल्यात चांगली येते?"

इथं परागनं मांडी बदलली. "बापू, हा प्रयोग आपल्या पुण्यातच झालाय. हडपसरच्या देसाई नेत्र रुग्णालयात. चारशे डोळे. 2005 साली छापून आला, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या मोठ्या अमेरिकी मासिकात. ज्या घाटातून तुम्ही पस्तीस वर्षं तिकिटं फाडत गेलात, तो उतरून पुढे गेलं की."

"निकाल सांग."

"सहा आठवड्यांनी, चष्म्याशिवाय चांगलं दिसणारे: फेकोत शंभरातले एक्क्याऐंशी, मोठ्या छेदाच्या ऑपरेशनात एकाहत्तर."

"म्हणजे महागाचंच चांगलं," बापूंचा चेहरा पडला.

"थांबा. योग्य चष्मा लावून बघितलं तेव्हा इकडे अठ्ठ्याण्णव, तिकडेही अठ्ठ्याण्णव."

क्षणभर कोणी बोललं नाही. मग सुन्या हसायला लागला, इतका की पलीकडचा रिक्षावाला बघायला लागला. "म्हणजे काय, शेवटी फरक उरला तो चष्म्याच्या नंबराचा! मोठ्या छेदानं जरा सिलिंडर वाढतो, तो काचेत काढता येतो. फिरून फिरून माझ्याच दुकानात आलात ना सगळे?"

"येतो बाबा," बापू म्हणाले. "पण काकूंना स्वस्तातलं केलं तर लोक काय म्हणतील?" तीन महिने त्यांना अडवत होतं ते पैशांचं नव्हतं, हे तेव्हा कळलं. फेको वाईट आहे असं कुणीच म्हणत नव्हतं. परवडतं त्यानं करावं, लवकर बिनचष्म्यानं हिंडावं. पण पैसे जमेपर्यंत म्हातारीनं भिंत धरून चालायचं, याला त्या चारशे डोळ्यांत कुठलाही आधार नाही, एवढं पराग तीन-तीनदा म्हणाला.

चहावाल्यानं पैसे मागितले तेव्हा वाद परत एकशे वीस रुपयांवर आला. पराग म्हणाला, शिबिराला शंभरातले सात येत असतील तर उरलेल्या त्र्याण्णवांपर्यंत ताडपत्रीवालाच पोचतो, त्याला शिव्या कशाला? आणि खिशातून स्वतःचा चष्मा काढून दाखवला. "माझीही रेडीमेडच आहे. प्लस दीड. मोबाइलवरून मागवली. चार वर्षं झाली, काही अडलं नाही."

सुन्या चिडला नाही. जरा हळू आवाजात म्हणाला, "माझं दुखणं धंद्याचं नाही रे. बापूंसारखा माणूस जवळचं दिसेना म्हणून आमच्याकडे येतो ना, तेव्हाच त्याचा डोळा उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणीतरी बघतं. नंबर काढता काढता आमचे सर म्हणतात, याला मोठ्या डॉक्टरकडे पाठव, मागची नस बरी दिसत नाही. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात येतो. गेलेली परत येत नाही. चाळिशी हे निमित्त असतं. ते निमित्तच तू मोबाइलवर विकत घेतलंस."

"मान्य," पराग म्हणाला. "त्याचाही आकडा आहे. तमिळनाडूतल्या खेड्यांत घरोघरी जाऊन तपासलं तेव्हा काचबिंदू सापडलेल्या शंभरातल्या नव्वदहून जास्त जणांना तो असल्याचा पत्ताच नव्हता."

मंदाताईंची बस लागली होती. त्यांनी पिशवी उचलली, दोन पावलं गेल्या आणि वळल्या.

"परागसर, तुमच्या अण्णांना रोज रात्री डोळ्यांत थेंब टाकतात ना? मागल्या खेपेला तुमच्या घरी आले तेव्हा फ्रीजमध्ये बाटली बघितली मी. ते कशाचे?"

"काचबिंदूचेच," पराग म्हणाला.

"तो घराण्यात येतो म्हणतात ना?"

"हो. सख्ख्या नात्यात धोका बराच जास्त असतो."

"मग तुमचं कधी बघितलंय कुणी?"

परागनं चष्मा घडी करून खिशात घातला. बस सुटायची घंटी वाजली, मंदाताई धावल्या. बापूंनी आपलं प्लस दोन उतरवलं, त्याच्यावरचा स्टिकर नखानं खरवडायला लागले, आणि सुन्याला म्हणाले, "उद्या सकाळी सातची हडपसरची पकडू. मी, काकू आणि हा. काकूंचं अर्धं, माझंही अर्धं. याचं पूर्ण पडेल, ते तू भर."

"मी का?"

"तुझ्याच दुकानात येणारेत ना सगळे?"