‘म्यू एमजी’च्या चार ओळी आणि कांद्याची गोणी

‘घर्षणाची सगळी गणिते चार ओळींत’ असा एक मजकूर अकरावी विज्ञानाच्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतो आहे. नाशिकमध्ये माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या काही मुलांच्या वहीच्या मागच्या पानावरही तो उतरवलेला सापडला, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे. त्या ओळी अशा: घर्षण बल म्हणजे म्यू (घर्षण गुणांक, दोन पृष्ठभागांची पकड दाखवणारा आकडा) गुणिले एमजी (वस्तूचे वजन), बल तिरपे असेल तर त्याचा फक्त कोसाइन (म्हणजे आडवा) घटक घ्यावा, ओढले काय नि ढकलले काय, उत्तर तेच, आणि घर्षण नेहमी गतीच्या उलट दिशेला असते.

पहिली ओळ घ्या. सपाट फरशीवर 50 किलोची कांद्याची गोणी ठेवली आहे आणि घर्षण गुणांक 0.4 आहे असे मानू. गोणीचे वजन 490 न्यूटन, म्हणून म्यू एमजी 196 न्यूटन येते. आता कोणी 100 न्यूटनच्या आडव्या बलाने गोणी ओढली आणि ती हलली नाही, तर घर्षण बलही 100 न्यूटनच असते. ते खरोखर 196 असते, तर गोणी ओढणाऱ्याकडे पाठ फिरवून आपणहून मागे चालू लागली असती! आडवे बल असताना 196 ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे आणि गोणी घसरण्याच्या बेतात येते तेव्हाच ती गाठली जाते.

दुसरी आणि तिसरी ओळ एकाच चुकीतून जन्मल्या आहेत. पिंपळगाव बसवंतच्या बाजार आवारात हमाल गोणी कशी सरकवतो ते पाहावे: तो गोणीच्या कानात आकडा अडकवतो आणि ओढताना तिला किंचित वर उचलून धरतो. त्याने क्षितिजाशी 30 अंशांचा कोन केला, तर त्याच्या बलाचा निम्मा भाग वरच्या दिशेने लागतो, तेवढाच फरशीवरचा भार हलका होतो आणि लंब प्रतिक्रिया (फरशी गोणीला ज्या बलाने वर रेटते ते, मुलांच्या भाषेत ‘नॉर्मल’) 490 वजा अर्धे बल इतकी उरते. या प्रतिक्रियेला 0.4 ने गुणून तो गुणाकार बलाच्या 0.866 पट आडव्या घटकाबरोबर मांडला की गोणी हलवायला सुमारे 184 न्यूटन पुरतात. त्याच कोनात वरून खाली ढकलले, तर तोच निम्मा भाग गोणीला फरशीवर दाबतो आणि बल 294 न्यूटनवर जाते. फिरणाऱ्या मजकुराप्रमाणे सोडवले, तर दोन्हीकडे 226 येतात, म्हणजे एकही उत्तर बरोबर येत नाही.

फ्रान्सच्या गियोम आमाँताँ यांनी 1699 मध्ये मांडलेला नियमही हेच सांगतो, की घर्षण हे पृष्ठभाग ज्या बलाने एकमेकांवर दाबले जातात त्याच्या प्रमाणात असते. ते बल वजनाइतके असणे हा केवळ एक सोपा प्रसंग आहे. म्हणून वहीत आधी सगळ्या बलांची आकृती काढावी, मग उभ्या दिशेचे समीकरण लिहून लंब प्रतिक्रिया काढावी आणि म्यूला त्यानंतरच हात लावावा.

‘मग जितके वर ओढू तितके सोपे’ हा मुलांचा पुढचा प्रश्न. तसेही नाही. याच गोणीसाठी सर्वांत कमी बल, 182 न्यूटन, सुमारे 22 अंशांना लागते, कारण त्या कोनाचा टॅन्जंट 0.4 आहे, त्याच्या वर गेल्यास आडवा घटकच तुटपुंजा होत जातो. ढकलताना मात्र कोन 68 अंशांच्या पुढे गेला, तर बल कितीही वाढवले तरी गोणी हलत नाही, कारण ते जितके वाढते त्याहून घर्षणाची मर्यादा अधिक वाढते.

राहिली चौथी ओळ. मुंबई नाक्यावर थांबलेली पिकअप निघते तेव्हा तिच्या हौद्यातले द्राक्षांचे क्रेट पुढे जाते ते घर्षणाच्याच जोरावर. इथे घर्षण गतीच्याच दिशेला आहे. ते विरोध करते, पण हौदा आणि क्रेट यांच्यातल्या परस्पर घसरण्याला. गुणांक इथेही 0.4 धरला, तर पिकअपचे त्वरण सेकंदाच्या वर्गाला 3.92 मीटरपर्यंत असताना क्रेट जागचे हलत नाही आणि त्यापुढे ते हौद्यात मागे घसरू लागते. क्रेट भरलेले असो की रिकामे, हा आकडा तोच राहतो, कारण वस्तुमान समीकरणाच्या दोन्ही बाजूंना येऊन कटते.